तूट तीन टक्क्यांच्या आत, म्हणे!

सकाळी टीव्हीवर एक तज्ज्ञ गृहस्थ सांगत होते, महाराष्ट्राची राजकोषीय तूट (कर्ज सोडून येणाऱ्या पैशापेक्षा जास्त झालेला खर्च) स्थूल राज्य उत्पन्नाच्या, म्हणजे राज्यात वर्षभरात होणाऱ्या एकूण उत्पादनाच्या, तीन टक्क्यांच्या आत आहे, म्हणजे राज्याला आर्थिक शिस्त आहे. डोकं सटकलं.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तूट १ लाख ३६ हजार २३५ कोटी. कागदावर मर्यादेत. पण सरकारचा हिशेब रोखीचा असतो हो! तिजोरीतून पैसे गेले तरच खर्च झाला. काम पूर्ण झालं, एमबीत (कामाच्या मोजमापाच्या सरकारी वहीत) मोजमाप चढलं, बिल टेबलावर पडून आहे, पण पैसे दिलेच नाहीत, तर तुटीत एक रुपयासुद्धा दिसत नाही.

माझा चुलतभाऊ खेड्यात छोटी सरकारी कामं घेतो. गेल्या पावसाळ्याआधी त्याने एक साकव बांधला. पोरं त्यावरून शाळेत जातात. बिल? ऑफिसात उत्तर एकच, "ग्रँट आली की बघू." म्हणजे वरून निधी आला की. सिमेंटवाला, सळईवाला, मजूर यांना कोण सांगणार ग्रँट नाही म्हणून? वहिनीच्या पाटल्या पतसंस्थेत गेल्या. सरकारने काढायचं कर्ज वहिनीने काढलं, व्याजही तीच भरतेय, आणि शिस्तीचं कौतुक मंत्रालयाचं!

"ठेकेदार सगळे चोर" असं लिहायला येणारे येतीलच. असतात काही चोर, मान्य. पण मग चौकशी करा, बिल कशाला दाबता?

मर्यादा नको असं मी म्हणत नाही. तुटीला लगाम घालणारा २००५ चा राज्याचा कायदा नसता तर निवडणुकीच्या वर्षात काय उधळण झाली असती, देव जाणे. लाडक्या बहिणींसाठी २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६ हजार कोटी ठेवले होते, त्यावरही बोलणार नाही. आमच्या कामवाल्या मावशींच्या हातात ते दीड हजार येतात तेव्हा त्यांचा चेहरा बघितलाय मी. द्या, जरूर द्या. पण ज्याने घाम गाळून काम केलंय, त्याला आधी द्या. आपण किराणावाल्याची उधारी ठेवून घरात मिठाई आणतो का?

आणि तीन टक्क्यांचं सोवळं किती पाळायचं? केंद्राची स्वतःची तूट कोविडच्या वर्षी नऊ टक्क्यांच्या वर गेली होती. तेव्हा आभाळ कोसळलं नाही. गरज होती, खर्च केला, ठीकच केलं. मग राज्यानेही उघडपणे कर्ज काढून लोकांची देणी फेडावीत ना!

भाऊ काल फोनवर हसत होता. म्हणाला, "पुढचं टेंडर भरू की नको, सांग." मला काही बोलता आलं नाही.

अर्थसंकल्पाच्या पुस्तकात थकीत बिलांचा रकाना घाला, खात्याखात्याचा वेगळा. तो तुटीत मिळवा. मग किती टक्के निघतात ते सांगा.