दही, ओडिशातली बाळं आणि काकांचा नातू: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, लगेच उत्तर लिहायला बसलेही होते पण मग थांबले, कारण घाईत काहीतरी तुटक लिहिलं गेलं असतं आणि तुम्ही एवढं मनापासून लिहिलंय तर उत्तरही तसंच द्यायला हवं.

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगते. मागच्या आठवड्यात मी लिहिलं होतं की घरच्या दह्याला प्रोबायोटिक (म्हणजे आरोग्याला फायदा करणारे जिवंत जिवाणू) म्हणू नका. त्यावर काकांचं म्हणणं असं की वाटीभर दह्यात अब्जावधी जिवाणू असतात, शरीरात तर पेशींच्या दहापट जिवाणू आहेत, ओडिशात नवजात बाळांना दह्यातलेच जिवाणू देऊन हजारो जीव वाचवले, डॉक्टरसुद्धा अँटिबायोटिकबरोबर दही खा म्हणतात, आणि मी मात्र पाश्चात्त्यांचं ऐकून आपल्या आज्यांना अडाणी ठरवतेय आणि कंपन्यांच्या प्रोबायोटिकच्या महागड्या पुड्या खपवतेय. आणि अगदी शेवटी एक ओळ: पंधरा दिवसांपूर्वी घरी नातू झालाय, त्याला बोटाने जरासं दही चाटवायचं तर सून नको म्हणते.

ती शेवटची ओळ आधी घेते. काका, नका चाटवू. सूनबाई बरोबर सांगतायत. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही तेच सांगतात. का ते खाली येईलच, पण तुम्ही पुढचं काही वाचलं नाहीत तरी एवढं ऐका.

आता माझी चूक. मी लिहिलं होतं की "घरच्या दह्याचा असा काही फायदा सिद्ध झालेला नाही". हे वाक्य चुकीचं आहे आणि तुम्ही त्यावर बोट ठेवलंत ते योग्यच केलंत. दह्याचा एक फायदा चांगला सिद्ध झालेला आहे. आपल्याकडे कितीतरी मोठ्या माणसांना दूध प्यायलं की पोटात गुडगुड होते, गॅस होतो, कारण दुधातली साखर, लॅक्टोज, पचवणारं एन्झाइम लहानपणानंतर कमी होत जातं. त्याच माणसांना दही चालतं. विरजणातले जिवाणू थोडी साखर आधीच खाऊन टाकतात आणि उरलेली पचवायचं एन्झाइम स्वतःबरोबर घेऊन आपल्या पोटात जातात. युरोपची अन्नसुरक्षा संस्था दाव्यांच्या बाबतीत फार कडक आहे, प्रोबायोटिकवाल्या कंपन्यांचे ढीगभर दावे तिने नाकारलेत, पण योगर्टचा हा एक दावा २०१० मध्ये तिने मान्य केला, आणि तोही एका ग्रॅममध्ये किमान १० कोटी जिवंत जिवाणू असतील तरच. तर ते वाक्य मी दुरुस्त करतेय.

पण शब्दावर मी ठाम आहे. प्रोबायोटिक म्हणजे असे जिवंत सूक्ष्मजीव जे पुरेशा प्रमाणात दिले तर आरोग्याला फायदा होतो, आणि तो फायदा तपासून दाखवलेला असतो. ही व्याख्या २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी केली. यात नुसतं जिवंत असणं पुरत नाही, कुठला जिवाणू, किती, कशासाठी, ही तिन्ही उत्तरं लागतात. संख्येने आपण फार भारावून जातो असं मला वाटतं. ते दहापटीचं गणितसुद्धा आता मागे पडलंय. २०१६ मध्ये इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटच्या लोकांनी ते नव्याने मांडलं, तर ७० किलोच्या माणसात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू आणि ३० लाख कोटी स्वतःच्या पेशी, म्हणजे जवळजवळ बरोबरीच, आणि सगळ्या जिवाणूंचं वजन मिळून २०० ग्रॅमच्या आसपास.

ओडिशाचा अभ्यास मला अतिशय आवडतो म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते. तुम्ही तो माझ्या विरोधात दिलात, पण मला नेमकं जे म्हणायचंय ते त्यातच आहे. डॉ. पिनाकी पाणिग्रही आणि त्यांच्या टीमचं हे काम २०१७ मध्ये नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात आलं. ओडिशाच्या १४९ गावांतली ४५५६ नवजात बाळं. अर्ध्यांना जन्मानंतर दोन-चार दिवसांत सुरू करून सात दिवस रोज एका जिवाणूचे सुमारे १०० कोटी जीव, सोबत त्यांचं खाद्य म्हणून एक प्रकारची साखर, आणि उरलेल्यांना दिसायला अगदी तसंच पण जिवाणू नसलेलं औषध. मग ६० दिवस लक्ष ठेवलं. सेप्सिस, म्हणजे शरीरभर पसरणारं इन्फेक्शन, किंवा मृत्यू असं ज्यांचं झालं त्यांचं प्रमाण साध्या औषधाच्या गटात ९ टक्के होतं, जिवाणू दिलेल्या गटात ५.४ टक्के. चाळीस टक्क्यांनी कमी! फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्यापेक्षा लवकर थांबवला. आणि खर्च बाळामागे साधारण एक डॉलर. खेड्यातल्या घरात, आईजवळ, एवढ्या स्वस्तात. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रभर तेच डोक्यात होतं. फक्त "हजारो जीव वाचवले" असं तुम्ही जे वाचलंत ते बरोबर नाही, त्या अभ्यासात मृत्यू दोन्हीकडे मुळातच मोजके होते, फरक पडला तो आजारपणात, पण तेही काही थोडं नाही.

आता तो जिवाणू कुठला? लॅक्टोबॅसिलस प्लॅन्टारम (२०२० पासून त्याचं नाव लॅक्टिप्लॅन्टिबॅसिलस प्लॅन्टारम झालंय, पण जुनंच तोंडात बसलंय). हा जास्त करून झाडपाल्यावर आणि आंबवलेल्या भाज्यांमध्ये सापडतो, दह्याचा तो मुख्य जिवाणू नाही. बरं, प्लॅन्टारम म्हणजे कुठलाही प्लॅन्टारम नाही. २८० पेक्षा जास्त वाण तपासून त्यातून हा एक निवडला, कारण नवजात बाळाच्या आतड्यात तो टिकत होता. याआधी जगभर गाजलेला दुसरा एक वाण त्यांनी बघितला होता, तो या बाळांच्या आतड्यात टिकलाच नाही. वाण म्हणजे काय तर हापूस आणि रायवळ, झाडाची जात एकच, पण पेटीचा भाव सांगताना आपण नुसतं "आंबा" म्हणतो का? आणि जिवाणूंत तर हा फरक आंब्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. इ. कोलाय हा आतड्यातला जिवाणू बघा. त्याचा एक वाण १९१७ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड निस्लेंनी शोधला, तो आजही पोटाचं औषध म्हणून दिला जातो, आणि त्याच इ. कोलायचा दुसरा वाण, ओ१५७, किडनी निकामी करू शकतो. जात एकच.

आणि बाळंही निवडलेली होती हो काका. दोन किलोच्या वर वजन, किमान ३५ आठवडे पोटात राहिलेली, तब्येतीने बरी. कमी दिवसांच्या, अगदी नाजूक बाळांची गोष्ट वेगळी असते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे अन्न आणि औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ऑक्टोबर २०२३ मध्ये डॉक्टरांना इशारा दिला की अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दवाखान्यात प्रोबायोटिक दिल्यावर जिवाणू रक्तात शिरून गंभीर इन्फेक्शन होऊ शकतं, एका बाळाचा तसा मृत्यूही झाला होता. ते तर कारखान्यात तयार झालेलं, तपासलेलं प्रॉडक्ट होतं. आपल्या वाटीतल्या दह्यात काय काय आहे ते कोणी तपासलंय?

हे मी पुस्तकातून बोलत नाहीये. मी सहा वर्षं एका डेअरीच्या क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या, लॅबमध्ये होते, दिवसभर काम हेच, नमुना पातळ करायचा, प्लेटमध्ये ओतायचा, इनक्युबेटरमध्ये ठेवायचा आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कॉलन्या, म्हणजे वाढलेल्या जिवाणूंचे ठिपके, मोजायच्या. हौस म्हणून घरचं दही डब्यातून नेऊन लावायचे. एकाच भांड्यातलं, एकाच विरजणाचं, पण सोमवारची प्लेट गुरुवारच्या प्लेटशी कधी जुळली नाही. कधी यीस्ट भरपूर, कधी हाताचे जंतू, उन्हाळ्यात एक तऱ्हा, डिसेंबरात दुसरी. आईचं दही उत्तमच लागायचं, आजही लागतं, आणि मी रोज जेवताना खाते. पण त्यातून "या आजारावर एवढा डोस" असं मला कधीच सांगता आलं नसतं, आणि शिजवलेल्या कढीत तर जिवंत काही उरतच नाही, इडलीतही नाही, तरी दोन्ही आपण आवडीने खातो आणि खावं.

आंबवलेल्या पदार्थांचा एकूण परिणाम काय होतो यावर आता चांगलं काम सुरू आहे. २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या सॉननबर्ग आणि गार्डनर यांच्या गटाने ३६ जणांचा अभ्यास केला, निम्म्यांना दहा आठवडे योगर्ट, केफिर (आंबवलेलं दूध), किमची (कोरियन आंबवलेली भाजी) असं भरपूर खायला दिलं, रोज सरासरी सहा वेळा वाढून घ्यावं एवढं. त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातली दाह दाखवणारी १९ प्रथिनं कमी झाली. उरलेल्या निम्म्यांना तंतुमय पदार्थ जास्त दिले होते, त्यांची विविधता तेवढ्यात वाढली नाही, ज्याचं संशोधकांनाही आश्चर्य वाटलं. आणि गंमत बघा, पहिल्या गटात जे नवे जिवाणू दिसले त्यातले खाण्यातून थेट आलेले फार थोडे होते, म्हणजे दही-किमचीने आत काहीतरी बदललं आणि दुसरेच जिवाणू वर आले. मला हे फार आशादायक वाटतं. पण माणसं छत्तीस आहेत, एवढ्यावर औषध म्हणता येत नाही.

अँटिबायोटिकचं म्हणाल तर इथे दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. मुलांना अँटिबायोटिकने जुलाब होतात ते प्रोबायोटिकने कमी होतात, कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात ३३ अभ्यास एकत्र केले तेव्हा प्रोबायोटिक घेतलेल्या मुलांत ८ टक्के आणि न घेतलेल्यांत १९ टक्के जुलाब दिसले. पण त्याआधी २०१८ मध्ये वाइझमनच्याच एरान एलिनाव यांच्या गटाला मोठ्या माणसांत असं दिसलं की अँटिबायोटिकनंतर ११ वाणांचं प्रोबायोटिक घेतलं तर माणसाचे स्वतःचे मूळ जिवाणू परत यायला उलट जास्त वेळ लागतो, काहीच न घेतलेल्यांपेक्षाही. म्हणून मी सरसकट हो म्हणत नाही. आणि एक गोष्ट डॉक्टरांकडून गडबडीत सांगायची राहून जाते: सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा टेट्रासायक्लिन असेल तर दही-दूध त्या गोळीबरोबर घेऊ नका, कॅल्शियम गोळीला धरून ठेवतं आणि औषध नीट शोषलंच जात नाही. किती तासांचं अंतर ठेवायचं ते केमिस्टला विचारा.

पुड्या खपवण्याचा आरोप मात्र मला लागला. २०२० मध्ये अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने सगळा पुरावा चाळून सांगितलं की पोटाच्या बहुतेक तक्रारींवर प्रोबायोटिकची शिफारस करण्याइतका आधार नाही. हे पुड्यांनाच लागू आहे. जो नियम मी आईच्या दह्याला लावते तोच त्यांना लावते, पाकिटावर वाणाचा नंबर नसेल, नुसतं "गुड बॅक्टेरिया" असेल, तर ते घेऊ नका.

आणि आज्या. माझी आजी रात्री दही वाढायची नाही, सर्दी झाली की ताकसुद्धा बंद, बाळंतिणीला वेगळं, पोराला वेगळं. तिची कारणं आज मला सगळी पटतील असं नाही पण कोणाला, कधी, किती, हा विचार तिच्याकडे होता. दही खा आणि दीर्घायुषी व्हा हे सरसकट सांगणं तिचं नव्हतं, ते मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाचं, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधलं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, बल्गेरियातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांकडे बघून केलेलं. माणूस थोर, १९०८ चं नोबेल मिळालेला (ते रोगप्रतिकारशक्तीच्या कामासाठी), पण ज्या बल्गेरियन जिवाणूवर त्याची एवढी भिस्त होती तो आपल्या आतड्यात मुक्काम करत नाही हे नंतर कळलं.

परत नातवाकडे येते. आईच्या दुधात काही साखरी असतात ज्या बाळाला पचतच नाहीत. मग त्या कशाला? तर त्या बाळाच्या आतड्यातल्या बिफिडो जातीच्या जिवाणूंचं अन्न आहेत, ते जिवाणू त्या साखरीवर वाढतात आणि अपायकारक जिवाणूंना जागा उरत नाही. म्हणजे तुम्हाला बोटाने जे द्यायचंय ते त्याला दिवसातून आठ-दहा वेळा आधीच मिळतंय, त्याच्याच मापाचं. ओडिशातल्या बाळांनाही अंगावरचं दूध चालूच होतं, जिवाणू दिले ते त्याच्या जोडीला, आणि ते अभ्यास करणाऱ्या टीमच्या देखरेखीखाली.

मूळ लेखातलं ते वाक्य आज बदलते आणि खाली तुमच्या प्रतिक्रियेमुळे बदललं असं लिहिते, चालेल ना? सूनबाईंना माझा नमस्कार सांगा. आणि सहा महिने झाले की उष्टावणाला तुमच्याच हाताने घरचा ताजा, मऊ दहीभात भरवा, फक्त बाळ आधी डॉक्टरांना दाखवून घ्या, आणि तोंड कसं करतं ते मला इथे नक्की लिहा.