खुलासा : +1 ची किंमत प्रत्येक फाशावर सारखी नसते

कोल्हापुरातल्या रोलप्लेइंग (फासे टाकत पात्रांची गोष्ट रंगवण्याचे खेळ) खेळणाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय : ‘वीस बाजूंचा एक फासा असो की सहा बाजूंचे दोन, +1 म्हणजे +1. पात्र एका पद्धतीतून दुसरीत तसंच न्या.’ इथे +1 म्हणजे पात्राच्या गुणापोटी फेकीत मिळवायचा एक, आणि पद्धत म्हणजे खेळाची नियमावली. हा मेसेज चूक आहे.

वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकडा 5 टक्के. त्यामुळे +1 ने यशाची शक्यता साधारण 5 टक्क्यांनीच वाढते. दोन फाशांच्या 36 जोड्या होतात आणि त्यातल्या सहा जोड्यांची बेरीज 7 येते, म्हणून मधल्या आकड्यांना वजन जास्त. 7 किंवा वर हवे असतील तर 36 पैकी 21 जोड्या चालतात, म्हणजे 58 टक्के. +1 मिळाला की 26 जोड्या, म्हणजे 72 टक्के. एका आकड्यात 14 टक्क्यांची उडी!

खरा घोटाळा पुढे होतो. वीस बाजूंच्या फाशावर चालणाऱ्या डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत पात्राच्या पहिल्याच पातळीवर हल्ल्याला +5 असणं नेहमीचं. ‘पॉवर्ड बाय द अपोकॅलिप्स’ घराण्यातल्या बहुतेक खेळांत सहा बाजूंचे दोन फासे टाकतात : बेरीज 6 किंवा कमी म्हणजे अपयश, 7 ते 9 अर्धं यश, 10 पासून पूर्ण. तिथे +5 नेला तर सर्वात वाईट फेकसुद्धा 2 + 5 = 7. पन्हाळ्याच्या तटावरून उडी मारणारा शिलेदार कधी पडणारच नाही, आणि गोष्ट पुढे ढकलणारी अडचणच उरणार नाही.

म्हणून आकडे उचलू नका. पात्र नव्या पद्धतीच्या नियमांनी पुन्हा बांधा. तिथे गुण बहुधा −1 ते +3 एवढेच असतात.