ब्रिटिश पेपरात व्यापार कराराची बातमी लिहायचीय? घ्या शिकून

गेल्या शनिवारी सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवत होतो, तर शेजारचे आजोबा कुंपणावरून म्हणाले, "तुमचं बरंय बाबा, तुम्हा इंडियन लोकांना आता टॅक्स नाही." काखेत घडी घातलेला पेपर, त्यात भारत-ब्रिटन व्यापार कराराबद्दल तसंच छापलेलं. माणूस चांगलाय, आम्ही पुण्याला गेलो की आमच्या कुंड्यांना पाणी घालतो, म्हणून भांडलो नाही. आत येऊन चहा टाकला आणि म्हटलं, पत्रकारिता एवढी सोपी असेल तर चार लोकांना शिकवून टाकू.

पहिलं म्हणजे करार वाचायचा नाही. 2020 च्या नाताळात युरोपशी झालेला करार 1,246 पानांचा होता, संसदेनं तो एका दिवसात पास केला, मग तुम्हीच कशाला डोळे फोडून घेताय? सही कोणाची तेवढं बघा. आपल्या पार्टीची असेल तर ऐतिहासिक, समोरच्यांची असेल तर देश विकला.

आकड्यांचं पण तसंच. आपला करार अब्जांत मोजायचा, त्यांचा टक्क्यांत. कॉन्झर्व्हेटिव्ह पार्टीच्या सरकारनं केलेल्या ऑस्ट्रेलियाच्या करारानं 2035 पर्यंत जीडीपीत 0.08 टक्के भर पडेल हे सरकारचंच गणित, पण तेच 2.3 अब्ज पौंड म्हटलं की कशी छाती फुगते! लेबर पार्टीच्या सरकारनं केलेल्या भारताच्या करारातून पुढेमागे वर्षाला 4.8 अब्ज येतील म्हणतात, तिथे मात्र 0.13 टक्के लिहायचं, म्हणजे चिल्लर वाटते. आणि ऑस्ट्रेलियाचा करार झाला तेव्हा मंत्री असलेले जॉर्ज युस्टिसच 2022 मध्ये संसदेत म्हणाले की तो काही फारसा चांगला करार नव्हता. असलं काही आलं तर शब्दकोड्याच्या शेजारी टाका.

करारात मासेमारीचा हक्क दिसला की हेडिंग 'शरणागती'.

भारताच्या करारासोबत फोटो व्हिस्कीच्या ग्लासाचा.

आता मेन आयटम, एनआय, म्हणजे नॅशनल इन्शुरन्स, सरकारी पेन्शन वगैरेसाठी इथे पगारातून होणारी कपात. मे 2025 मध्ये भारताशी बोलणी पूर्ण झाली, त्यात एक कलम होतं: भारतातल्या कंपनीनं तात्पुरतं इकडे पाठवलेला माणूस तीन वर्षांपर्यंत नॅशनल इन्शुरन्स भरणार नाही, कारण त्याचा पीएफ तिकडे कापला जातच असतो. इथून भारतात पाठवलेल्या गोऱ्यालाही तीच सूट. हे एवढं लांबलचक कोण लिहिणार, तुम्ही फक्त 'भारतीयांना सूट, ब्रिटिशांना भुर्दंड' असं छापा. अमेरिका, जपान, कॅनडा, युरोप, सगळ्यांशी असली व्यवस्था आधीपासून आहे हे सांगायचं नाही. इन्कम टॅक्स तो माणूस भरतोच हे सांगायचं नाही. व्हिसाबरोबर हेल्थ सरचार्ज म्हणून वर्षाला 1,035 पौंड मोजतो हे तर नाहीच नाही. इथलं सरकारी पेन्शन मिळायला कमीत कमी दहा वर्षं भरावं लागतं, म्हणजे तीन वर्षांत परत जाणाऱ्याचे पैसे आजवर पाण्यातच जात होते, आणि वर लुटारू पण तोच! आणि मी? मला कोणी पाठवलेलं नाही, माझी नोकरी इथली, माझ्या पगारातून दर महिन्याला एनआय कापला जातो, करार होण्याआधी कापत होते, नंतरही कापतायत, एका पेनीचा फरक नाही!

जाऊ दे, कसल्या टिप्स. अरे, तुम्हाला करार आवडला नाही तर शिव्या घाला ना, मुद्दे भरपूर आहेत त्यात. पण अर्धं वाक्य छापता, उरलेलं अर्धं सतराव्या परिच्छेदात गाडता आणि त्याचा हिशोब आम्ही कुंपणापाशी उभं राहून द्यायचा? आपले लोकही कमी नाहीत. सासऱ्यांनी कोल्हापुरी चपला लंडन जिंकणार असं कात्रण फॉरवर्ड केलं, आत काय लिहिलंय विचारलं तर म्हणे हेडिंग पुरेसं आहे. नाही पुरत हो अप्पा.

मी पेस्लिप प्रिंट करून ठेवलीय. पुढच्या शनिवारी डबे बाहेर काढताना दाखवणारे आजोबांना.