माळावरचा लांडगा सिनेमात नसतो

२०२० च्या नोव्हेंबरात इथे अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यात अध्यक्षीय निवडणुकीबरोबर आणखी एका प्रश्नावर मतदान झालं: राज्यात लांडगे परत आणायचे का? १९४० च्या दशकात इथले शेवटचे लांडगे मारले गेले होते. जेमतेम ५१ टक्के लोक 'हो' म्हणाले. डेन्व्हर, बोल्डर या शहरांनी कौल दिला. रॉकी पर्वतापलीकडचे, गुरं पाळणारे बहुतेक तालुके (इथल्या भाषेत काउंट्या) विरोधात गेले. २०२३ च्या डिसेंबरात ऑरेगॉनहून आणलेले १० लांडगे सोडले गेले, ते मात्र पर्वतापलीकडेच.

फोर्ट कॉलिन्सला माझ्या ऑफिसात 'हो' म्हणणाऱ्यांपैकी कुणीही मोकळा लांडगा पाहिलेला नव्हता. त्यांनी माहितीपट पाहिले होते आणि आल्डो लिओपोल्ड हा अमेरिकी निसर्गलेखक वाचला होता. तरुणपणी आपण एका लांडग्याच्या मादीवर गोळ्या झाडल्या आणि तिच्या डोळ्यांतली हिरवी आग विझताना पाहिली, असं त्याने लिहून ठेवलंय. १९४९ साली, त्याच्या मृत्यूनंतर, ते पुस्तक आलं. ते पान वाचताना माझेही डोळे भरून आले होते. लांडगा मारणाऱ्याला जिथे बक्षीस मिळत असे, त्या देशाचं मन अशा पानांनी वळवलं. लेखणीची ही ताकद मी मानते.

पण हीच ताकद फसवतेही. १९९५-९६ मध्ये यलोस्टोन या अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानात लांडगे सोडले. मग हरणं नदीकाठ सोडून पांगली, झाडं वाढली आणि नद्यांचे प्रवाहसुद्धा बदलले, असं सांगणारी एक देखणी चित्रफीत आमच्या घरच्या ग्रुपवर तीनदा आली. माझ्याच गावातल्या कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी तिथे २० वर्षं मोजमाप केलं. ओढ्याकाठची विलोची झाडं तेवढ्याने सावरलेली नाहीत, असं त्यांना दिसलं. ओढ्यांवर बांध घालणारे बीव्हर नावाचे प्राणी गेले, त्यांचे बांध गेले, जमिनीतलं पाणी खाली गेलं. नुसता लांडगा आणून ते वर येत नाही. हे मात्र कुणी फॉरवर्ड केलं नाही.

आणि माझं खरं दुखणं पुढेच आहे. त्या चित्रफितींत बर्फ असतो, सूचिपर्णी झाडं असतात. आपला लांडगा सासवड, बारामती, सोलापूरच्या माळावर राहतो. अंगाने लहान, वाळल्या गवताच्या रंगाचा. देशभरात असे अंदाजे ३,१०० उरलेत, म्हणजे वाघांपेक्षाही कमी. निसर्ग म्हणजे दाट रान, हे चित्र डोळ्यांत इतकं बसलंय की माळ आपल्याला ओसाड वाटतो. सरकारी कागदांवरही तो बऱ्याचदा पडीकच. मग तिथे चर खणायचे, ग्लिरिसिडियाची झाडं लावायची आणि पर्यावरण वाचवलं म्हणून फोटो काढायचे. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बहराइचमध्ये मुलं दगावली तेव्हा लांडगा टीव्हीवर आला, तो 'आदमखोर' होऊन. एरवी तो दिसतच नाही.

मी नऊ-दहा वर्षांची असताना आमच्या शेतात फलटणकडच्या धनगरांचा वाडा बसला होता. पहाटे लांडग्याने वाघरीतून, म्हणजे मेंढ्यांभोवतीच्या जाळीतून, कोकरू नेलं. बायका ओरडल्या, कुत्री धावली. म्हातारे धनगरबाबा माझ्या आजोबांना एवढंच म्हणाले, "त्याचंबी प्वाट हाय, आबा." या माणसाने लिओपोल्ड वाचला नव्हता. कोलोरॅडोत जनावरामागे १५,००० डॉलरपर्यंत भरपाई मिळते, तरी गुराखी संतापलेले आहेत, आणि त्यांचा राग मला समजतो. आपल्याकडे भरपाईला पंचनामा लागतो. ज्याचा वाडा उद्या दुसऱ्या शिवारात जाणार, तो त्यासाठी किती दिवस थांबेल? लांडगा आजवर या धनगराच्या सोसण्यावर जगला. बांध, कुंपणं आणि झाडांच्या खड्ड्यांनी त्या धनगराचाच रस्ता अडत चाललाय, याबद्दल मात्र प्राणिप्रेमी मंडळी फारसं बोलत नाहीत.

मागच्या महिन्यात मावसभावाने आनंदाने कळवलं की गावचे सगळे मिळून वरच्या माळावर झाडं लावणार आहेत. मी लगेच फोन केला. म्हटलं, दादा, गावात लावा, ओढ्याकाठी लावा, पण माळ तसाच राहू दे, तिथे घळीत लांडग्यांची पिल्लं असायची.

"अगं, पण तिथे काहीच नाहीये," तो म्हणाला. "नुसतं गवत आहे."