हम्म आणि कांद्याचा रस

इंटर्नलचे 20 मार्क होते म्हणून, नाहीतर मी काय आपणहून वर्गासमोर उभा राहणाऱ्यातला नाही. चिठ्ठ्या टाकून विषय वाटले त्यात मला आला 'मक्तेदारी, उदाहरणासह'. उदाहरण कुठलं घ्यायचं हे मी गूगललाच विचारलं, खरं म्हणजे प्रेझेंटेशन तिथंच संपलं होतं पण 15 मिनिटं भरायची होती.

माहिती मात्र भारी मिळाली. ऑगस्ट 2024 मधे अमेरिकेत अमित मेहता नावाच्या न्यायाधीशांनी (जन्म आपल्या शेजारच्या गुजरातेत, पाटणचा) निकाल दिला की गूगलने सर्चमधली मक्तेदारी बेकायदेशीरपणे टिकवलीये. कशी, तर फोन नि ब्राउजर उघडला की आपलंच सर्च आधीपासून बसवलेलं असावं म्हणून 2021 या एका वर्षात 26.3 अब्ज डॉलर मोजले. का मोजले, तर आपल्यासारखी माणसं सेटिंगमधे जाऊन काही बदलत नाहीत, जे समोर असेल ते वापरतात. माझ्या आळसाला एवढा भाव आहे हे वाचून मला भरून आलं राव, घरी आई त्याच आळसावरून फुकटात ओरडते.

तर चौथ्या स्लाइडला सर म्हणाले, "अरे नुसता वाचतोस काय, उघडून दाखव की." मी म्हणलं त्यात काय, आणि त्या पांढऱ्या डब्यात क्लिक केलं. टाइप काहीच केलं नव्हतं, तरी खाली सगळी यादी उलगडली, प्रत्येकाच्या डाव्या बाजूला ते बारकं घड्याळ, आणि अक्षरं भिंतभर. 'एकविसाव्या वर्षी केस गळणे'. 'कांद्याचा रस केसांना किती वेळ'. 'केसातला कांद्याचा वास घालवणे'. 'प्रेझेंटेशन देताना हात थरथरतात उपाय'. आणि सगळ्यात खाली, 'मुलीने फक्त हम्म रिप्लाय दिला अर्थ काय'.

ती मुलगी दुसऱ्या बाकावर बसते.

मी प्रोजेक्टरची एचडीएमआय वायर ओढली तर लॅपटॉप टेबलावरून खाली जाता जाता राहिला. आता यात चूक कोणाची म्हणाल तर माझीच, शोधलेलं लक्षात न ठेवणारी इन्कॉग्निटो नावाची सोय असते हे मला माहीत होतं, पण सेटिंगला हात न लावणारा जो माणूस मी दहा मिनिटं समजावून सांगत होतो तो मीच की. आणि खरं सांगू का, डॉक्टरलासुद्धा आपण थापा मारतो, रात्री लवकर झोपतो वगैरे, पण या डब्यात मात्र सगळं खरं टाइप करतो, तेही स्पेलिंग चुकवून, आणि तो 'तुम्हाला असं म्हणायचं आहे का' म्हणत सांभाळून घेतो. आमच्या घरी एवढ्या प्रेमाने कोणी विचारत नाही.

हशा ओसरल्यावर सरांनी विचारलं, "पर्याय काय मग?" मी म्हणलं बिंग, मायक्रोसॉफ्टचं सर्च. वर्ग परत फुटला. मी पण इरेला पेटलो, सांगितलं की 2021 मधे युरोपच्या कोर्टात गूगलच्याच वकिलाने म्हणलं होतं की बिंगवर सगळ्यात जास्त शोधला जाणारा शब्द 'गूगल' आहे. यावर टाळ्या पडल्या, म्हणजे सहानुभूतीच्या असाव्यात. शेवटची स्लाइड होती गूगल या नावाची, की ते आलंय गूगोलवरून, म्हणजे 1 वर 100 शून्यं. त्यातलं एक माझ्या मार्कशीटवर येणार हे मला दिसतच होतं.

ती दारातून बाहेर जाताना माझ्याकडे बघून म्हणाली, "हम्म." एवढंच. आता याचा अर्थ विचारायचा कोणाला?

मी वायर गुंडाळत होतो तर सर जवळ आले, मागे कोणी नाही ना बघितलं, आणि आपल्या गुळगुळीत डोक्यावरनं हात फिरवत हळूच म्हणाले, "कांद्याच्या रसाने काही होत नाही रे. दोन वर्षं लावलाय."