शेठजींना तारीख कशी द्यावी

इतवारीतल्या कापडाच्या शेठजींना तुम्ही बिलिंगचं सॉफ्टवेअर दिवाळीला देणार होता. आता होळी आली. परसोडीच्या आयटी पार्कात तुम्ही डबा उघडला रे उघडला की त्यांचा फोन येतो, "काऊन हो भाऊ, काय होऊन राहिलं आपल्या कामाचं?" आणि तुम्ही, शिकलासवरलेला माणूस, काय सांगता? लाइट गेली होती. पोरगा अमरावतीला लग्नाला गेला. मोर्च्यात अडकलो. मे महिन्यात ऊन आणि डिसेंबरात अधिवेशन, या दोन खुंट्यांवर अख्ख्या नागपूरचा उशीर टांगलेला आहे. असली कारणं शेठजी स्वतः गिऱ्हाइकांना रोज देतात, त्यांना ती कशी पटणार? उशीर करायला कुणाचीच ना नाही. फक्त जरा इभ्रतीने करा.

मायक्रोसॉफ्टकडे बघा. ऑक्टोबर 2001 मध्ये कॉम्प्युटर चालवणाऱ्या त्यांच्या विंडोज या प्रणालीची एक्सपी ही आवृत्ती आली. पुढची 2003 च्या सुमारास यायची होती. ती व्हिस्टा या नावाने सर्वसामान्यांच्या हाती पडली 30 जानेवारी 2007 ला. एवढ्या काळात कंपनी बुडाली नाही, उलट गब्बर होत गेली. ही विद्या घरबसल्या शिकण्यासारखी आहे.

सुरुवात नावापासून करा. एक्सपीचं सांकेतिक नाव होतं व्हिस्लर, आणि तिच्यानंतर येणाऱ्या मोठ्या आवृत्तीचं ब्लॅककोम्ब. कॅनडातले हे दोन शेजारी डोंगर. मध्ये एक छोटीशी आवृत्ती काढायची ठरली, म्हणून तिला तिथल्याच एका बारचं नाव दिलं, लाँगहॉर्न. म्हणजे बेत इतकाच की जाता जाता घोटभर घ्यायचा आणि पुढे निघायचं. तुम्हीही शेठजींच्या कामाला 'परतवाडा' म्हणा, चिखलदऱ्याला जाताना आपण चहाला थांबतो ते. मग चिखलदऱ्यासाठी राखून ठेवलेलं एकेक गाठोडं परतवाड्यालाच सोडायला लागा. लाँगहॉर्नचं नेमकं हेच झालं. ब्लॅककोम्बमध्ये करायच्या गोष्टी हळूहळू तिच्यातच शिरल्या आणि चहापुरता थांबा पाच वर्षांचा मुक्काम झाला.

वचन देताना हात आखडू नका. ऑक्टोबर 2003 मध्ये लॉस एंजलिसला जगभरच्या डेव्हलपर मंडळींसमोर लाँगहॉर्नचं दर्शन घडवलं गेलं. त्यात विनएफएस नावाची चीज होती. फाइल कुठल्या फोल्डरात कोंबली हे आठवायचं कामच नाही. डेटाबेसला विचारा, तो शोधून देईल. असलंच काहीतरी नव्वदच्या दशकात 'कैरो' या प्रकल्पात द्यायचं होतं, ते राहूनच गेलं होतं. म्हणजे पुरं न केलेलं वचन वाया जात नाही, दहा वर्षांनी धुऊनपुसून पुन्हा देता येतं. तुम्ही शेठजींना सांगा, "शेठजी, धंतोलीच्या बाई चार वर्षांपूर्वी कोणती साडी उधारीवर घेऊन गेल्या, तेही सापडेल." ते गप्प होतील. उधारीचा विषय निघाला की शेठजी मनातल्या मनात हिशोब करू लागतात, तेवढ्यात फोन ठेवून द्या.

मध्येच जुन्या मालात कीड निघाली तर देव पावला म्हणा. जानेवारी 2003 मध्ये स्लॅमर आला, ऑगस्टमध्ये ब्लास्टर, दोन्ही कॉम्प्युटरांतून आपोआप पसरणारे व्हायरससारखे किडे. इथे आपण तान्ह्या पोळ्याला 'रोगराई घेऊन जा गे मारबत' ओरडून मोकळे होतो. तिकडे मारबत नाही. त्यांना माणसं लावावी लागली. नव्या विंडोजवरची बरीच मंडळी उचलून एक्सपीची डागडुजी करायला बसवली, तेव्हा कुठे ऑगस्ट 2004 मध्ये सर्व्हिस पॅक 2 हा दुरुस्त्यांचा गठ्ठा बाहेर पडला. आता खरं सांगायचं तर हे कारण शंभर टक्के सच्चं होतं. लोकांची मशीनं धडाधड बंद पडत असताना नवे रंग कोण बघणार? पण सच्च्या कारणाचा एक फायदा असा की त्याच्या पोटात बाकीची चार कारणं बिनबोभाट झाकली जातात.

त्याच ऑगस्टात कंपनीने कबूल केलं की विनएफएस काही लाँगहॉर्नबरोबर येणार नाही. शिवाय तोवर लिहिलेल्या कोडचा गुंता इतका झाला होता की तो बाजूला सारून विंडोज सर्व्हर 2003 च्या पायावर पुन्हा श्रीगणेशा केला. तीन वर्षांनी श्रीगणेशा! तुमच्यावर ही वेळ आली तर 'पुन्हा पहिल्यापासून' असं चुकूनही बोलू नका. "पाया पक्का करून राहिलो, शेठजी," असं म्हणा. नागपुरात सिमेंट रस्त्यांमुळे खोदून ठेवलेलं सगळंच पक्कं होणार असल्याची लोकांना सवय आहे.

आणि माणसं वाढवा. फ्रेड ब्रुक्स यांनी साठच्या दशकात आयबीएमची ओएस/360 ही प्रणाली रखडताना बघितली आणि 1975 मध्ये छापून सांगितलं की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरवर आणखी माणसं घातली की आणखी उशीर होतो. या धंद्यात हे सगळ्यांना पाठ असतं आणि भरती चालूच राहते.

माणसं वाढली की काय बहार येते ते व्हिस्टाच्या 'बंद करा' बटणावरून कळतं. स्टार्ट मेन्यूतून कॉम्प्युटर बंद करायचे पर्याय, एवढंच काम. तिथे काम केलेल्या एका प्रोग्रामरने 2006 साली हिशोब मांडला. या बटणावर आपलं म्हणणं असलेले लोक साधारण 43, वर्षभर दर आठवड्याला बैठक, आणि अखेरीस त्याने लिहिलेला कोड दोनेकशे ओळींचा. शिवाय एका गटाचा कोड दुसऱ्या गटाच्या हाती पडायला महिना, कधी तीन महिने. तोवर त्या गटाने वेगळंच काही ठरवलेलं.

शेठजींच्या 'बिल छापा' या बटणासाठी तुम्हीही बैठक बोलवा. तर्री पोहे मागवा, म्हणजे कुणी चुकवणार नाही. मुनीमजींना बटण हिरवं हवं, कारण लाल रंग नुकसानीचा. जावईबापूंना ते मोबाइलवरही हवं. सीए साहेब म्हणतील, छापण्याआधी 'नक्की का?' असं दोनदा विचारा. शेठाणी काही बोलणार नाहीत, पण जाताना एवढंच म्हणतील की जुन्यात बरं होतं. हे सगळं लिहून घ्या आणि पुढच्या गुरुवारी परत बोलवा.

तारीख मात्र मोडू नका, चिरा. 2006 मध्येच आणू असा शब्द होता आणि मार्चमध्ये कळून चुकलं की नाताळ हुकणार. मग 30 नोव्हेंबर 2006 ला व्हिस्टा कंपन्यांना दिली, घरगुती गिऱ्हाइकांना जानेवारीत. शब्दही राहिला, वेळही मिळाला. तुम्ही एक प्रत मुनीमजींना अक्षय्य तृतीयेला द्या. ते ती उघडणार नाहीतच.

मायक्रोसॉफ्टचा राग असेल तर दुसरे गुरूही आहेत. ॲपलची कोपलँड ही नवी प्रणाली 1996 मध्ये गुंडाळली गेली आणि त्याच वर्षाअखेर त्यांनी आपल्याकडून बाहेर पडलेल्या स्टीव्ह जॉब्ज यांची नेक्स्ट ही कंपनी विकत घ्यायचं ठरवलं. 2007 मध्ये ॲपलच्याच प्रणालीची लेपर्ड ही आवृत्ती लांबली तेव्हा सरळ सांगितलं की माणसं आयफोनला लावली. त्यावर कोण काय बोलणार? जीएनयू हर्ड ही मोफत वाटायची प्रणाली 1990 पासून चालू आहे, तिची 1.0 ही पहिली पक्की आवृत्ती अजून यायची आहे. तो मार्ग साधुसंतांचा, संसारी माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

शेवटी माल द्यायची वेळ आलीच, तर शेठजींचं मशीन जुनं आहे असं जाहीर करा. व्हिस्टा यायच्या आधी कॉम्प्युटरवर 'व्हिस्टा कॅपेबल' असे स्टिकर लागले होते. 512 एमबी मेमरी असली तरी स्टिकर मिळायचा, पण त्यातल्या कित्येक मशीनांवर ज्या काचेसारख्या खिडक्यांची जाहिरात होती त्याच दिसेनात. लोक कोर्टात गेले. तुमचे शेठजी कोर्टात जाणार नाहीत, ते जुनंच सॉफ्टवेअर वापरत बसतील. बसू द्या. एक्सपीलाही व्हिस्टानंतर सात वर्षं, 8 एप्रिल 2014 पर्यंत, दुरुस्त्या मिळत राहिल्या. तुम्ही फक्त जुन्याच्या देखभालीचं वार्षिक बिल त्या जुन्या सॉफ्टवेअरवरच काढून वेळेवर पाठवत जा.