मालवणच्या होडीत बसण्याआधी: त्या फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

दिवाळीची सुट्टी जवळ आली की सांगली-मिरजेतून मालवणच्या गाड्या ठरायला लागतात. त्याच सुमारास एक लांबलचक मेसेज आमच्या विश्रामबागमधल्या गल्लीच्या ग्रुपवर, भावकीच्या ग्रुपवर, शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर येऊन पडतो. ‘कोकणात बोटीने फिरायला जाणाऱ्यांनी अवश्य वाचा’ अशी त्याची सुरुवात. आत काय आहे ते थोडक्यात सांगते. कोकणात डॉल्फिन उरलेलेच नाहीत, बोटवाले नुसते पैसे उकळतात. समुद्रातला साप होडीत चढतो आणि चावला की पाच मिनिटांत माणूस जातो. जेलीफिश चिकटली तर लघवी लावावी, नाहीतर वाळूने घासावं. बाहेरच्या पाण्यात माणसं गिळणारे अजस्र शार्क आहेत. कासवाची पिल्लं दिसली तर उचलून पाण्यात सोडावीत, पुण्य लागतं. आणि शेवटी, व्हेल माशाची उलटी किनाऱ्यावर सापडली तर सात पिढ्यांचं कल्याण.

नुसती चुकीची माहिती असती तर मी उत्तर लिहायला बसले नसते. पण यातला जेलीफिशचा सल्ला पाळला तर अंगाला इजा होते, उलटीचा पाळला तर तुरुंग दिसतो, आणि बाकीच्या गोष्टींचा भुर्दंड त्या मुक्या प्राण्यांना पडतो. घाटावर राहणाऱ्या आपल्या लोकांना समुद्र वर्षातून एकदा भेटतो. तेवढ्यासाठी जाताना डोक्यात भीती आणि हाव घेऊन जायचं, हे मला मान्य नाही.

‘डॉल्फिन राहिलेले नाहीत, दाखवतात ते मोठे मासे’ हे साफ चूक आहे. डॉल्फिन मासा नाही. तो पिल्लाला दूध पाजतो आणि डोक्यावरच्या छिद्रातून हवेत श्वास घेतो. तारकर्ली-देवबागच्या पाण्यात बहुतेक वेळा दिसतो तो पाठीवर लांबट कुबड असलेला डॉल्फिन. हा खोल समुद्रातला प्राणीच नव्हे. उथळ पाण्यात, खाडीच्या तोंडाशी, किनारा धरून तो राहतो, कारण त्याचं खाणं तिथं असतं. कर्ली नदी देवबागला समुद्राला मिळते, त्या संगमावर मासळी येते आणि मासळीमागे तो येतो. म्हणून तर किनाऱ्यावरचे माड दिसत असतानाच तो भेटू शकतो. आणि नेमकं हेच त्याच्या मुळावर आलं आहे. माणसाची जाळी, सांडपाणी, पर्यटकांच्या बोटी, सगळी गर्दी त्याच चिंचोळ्या पट्ट्यात. ही जात जगभरात धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघ ज्या पहिल्या अनुसूचीत आहे, तिच्यात हिचंही नाव आहे.

मग इतके लोक ‘फसवलं, काही दिसलं नाही’ म्हणत परत का येतात? कारण टीव्हीवर बघितलेली उडी डोक्यात असते. कुबडवाला डॉल्फिन क्वचितच उडी मारतो. आधी पाण्यातून लांबट चोच वर येते, मग कुबड आणि त्यावरचा आखूड पर, मग करडी पाठ वळते आणि दोन सेकंदांत पाणी पुन्हा सपाट. त्या वेळी तुम्ही मोबाईलचा कॅमेरा उघडत असाल तर हुकलंच. याच किनाऱ्याला पाठीवर पर नसलेला एक छोटा पॉरपॉइजही आहे, डॉल्फिनचाच भाऊबंद. तो इतका हळूच वर येतो की नवख्याला लाट वाटते.

मी ज्या तांडेलाबरोबर, म्हणजे होडी चालवणाऱ्याबरोबर, गेले होते त्याने संगमाच्या अलीकडेच इंजिन बंद केलं आणि एवढंच म्हणाला, “गप ऱ्हवा, येतले.” होडीतली पोरंसुद्धा चिडीचूप. आधी आवाज आला, जोरात सोडलेल्या श्वासाचा, फुस्स करून, आणि तोही आमच्या पाठीमागून. वळून बघेपर्यंत एक मोठा आणि त्याच्या कुशीला लागून एक पिल्लू, दोघं सरळ निघून गेले. चार बोटींनी घेरून, इंजिनं गरगरवत पाठलाग केला असता तर हे दिसलं नसतं. पाठलागाने डॉल्फिन खोल बुडी मारतात, लांब जाऊन वर येतात, पिल्लांची ताटातूट होऊ शकते. मेसेजमधला राग मला एका बाबतीत समजतो: ‘डॉल्फिन हमखास दाखवणार’ अशी पाटी लावणं बरोबर नाही. रानातल्या प्राण्याची हमी कोण देणार? पण त्या हमीची मागणी करणारे आपणच असतो. ‘पैसे दिलेत, जवळ घ्या की’ हे वाक्य मी होडीत आपल्या सांगलीकडच्या आवाजात ऐकलेलं आहे. होडीत पाय ठेवण्याआधीच तांडेलाला सांगून ठेवा: लांबूनच बघू, समोरून आडवं जायचं नाही, कळपाच्या मधून तर नाहीच.

आता समुद्रसाप. तो होडीत चढत नाही. त्याची शेपटी वल्ह्यासारखी चपटी असते, सगळं आयुष्य पाण्यात जातं, आणि पोटाखालचे रुंद खवले नसल्यामुळे जमिनीवर त्याला धड सरपटताही येत नाही. श्वास घ्यायला तो वर येतो, तेव्हा होडीतून दिसतो, एवढंच. मात्र विषाबद्दल मेसेजने धरलेली धास्ती पोकळ नाही, तिची दिशा चुकली आहे. बत्तीस शिराळा ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या लोकांना नागाबद्दल मी काय सांगावं? समुद्रसाप त्याच नागाच्या कुळातले. गोची अशी की कृष्णा-वारणेकाठी वाढलेल्या पोरांना पाण्यातला साप म्हणजे पाणदिवड, बिनविषारी, हे पक्कं ठाऊक असतं. तीच समजूत घेऊन ती समुद्रावर जातात.

मालवणच्या किनाऱ्यावर सकाळी रापण ओढतात. जाळं वाळूवर आलं की बांगडे-तारल्यांच्या ढिगात कधी एखादा आडवे पट्टे असलेला साप वळवळत असतो. रापणकर सवयीने त्याची शेपटी धरून त्याला पाण्यात भिरकावतात. बाजूला उभी असलेली आपली पोरं म्हणतात, “ओ काका, टाकू नका, एक फोटो!” धोका आहे तो तिथं. समुद्रसापाचे दंश बहुतांशी जाळं हाताळणाऱ्या मच्छीमारांनाच होतात. पोहणाऱ्याच्या मागे लागून तो चावत नाही.

‘पाच मिनिटांत मरण’ हेही खरं नाही, आणि या अफवेचा उलटा तोटा आहे. या दंशाने फारसं दुखत नाही. लक्षणं अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत कधीही सुरू होतात: अंग ठणकणं, स्नायू आखडणं, पापण्या जड होणं, लघवी काळपट होणं. पाच मिनिटं उलटली, काही झालं नाही, म्हणजे सुटलो असं समजून माणूस जेवायला बसला तर घात होतो. दंशाची शंका आली तरी तो अवयव हलवू न देता थेट मोठं रुग्णालय गाठायचं. आपल्याकडे सर्रास मिळणारी सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनते, समुद्रसाप त्यात नाही. म्हणून जिथं श्वासाला आधार देता येतो आणि मूत्रपिंडाकडे लक्ष ठेवता येतं तिथंच जायला हवं. ब्लेडने चिरणं, तोंडाने ओढणं यातलं काहीही नको.

जेलीफिशवरचा सल्ला या मेसेजमधला सगळ्यात वाईट. लघवीने आराम पडत नाही, उलट त्रास वाढू शकतो. वाळूने घासलं तर खात्रीने वाढतो. कारण साधं आहे. त्या तंतूंवर डंख भरलेल्या सूक्ष्म पेशी असतात. कातडीला तंतू चिकटला तरी त्यातल्या सगळ्याच पेशी लगेच फुटत नाहीत. उरलेल्या पेशी घासण्याने, दाबाने, गोड्या पाण्याने फुटतात आणि नवीन विष आत जातं. आपल्या किनाऱ्याला पावसाळ्यात वाऱ्याबरोबर निळे फुगे वाहून येतात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या किनाऱ्यांवर त्यांनी दीडशेच्या आसपास लोकांना डंख मारले होते. दिसायला जेलीफिश, पण प्रत्यक्षात ती अनेक जीवांनी मिळून बनलेली वसाहत असते. फुगा वाळूवर सुकलेला असला तरी तंतू डंख मारू शकतो, म्हणून पोरांना पायाने फोडू देऊ नका.

डंख लागलाच तर समुद्राच्याच पाण्याने धुवा. चिकटलेले तंतू चिमट्याने अलगद उचलून काढा, उघड्या बोटांनी नको. मग सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांच्या, तो भाग २० मिनिटं बुडवून ठेवा. पाणी आधी मोठ्या माणसाने आपल्या हाताला लावून बघावं, नाहीतर पोराला भाजायचं. धाप लागली, छातीत दुखलं, चेहरा सुजला तर घरगुती काही करत न बसता दवाखाना.

शार्कबद्दल फार लिहायची गरज नाही. मेसेजमध्ये ज्या अजस्र माशाचा फोटो आहे तो व्हेल शार्क, जगातला सगळ्यात मोठा मासा. बारा मीटर लांबीचा होतो आणि पाणी गाळून त्यातले बारीक जीव, छोटे मासे खातो. माणूस गिळण्याजोगा त्याचा घसाच नाही. २००१ पासून त्याला कायद्याचं पूर्ण संरक्षण आहे. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात असा संरक्षित प्राणी जाळ्यात आला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर सरकार २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं. स्वतःचं महागाचं जाळं कापणारे ते लोक मला या मेसेजमध्ये कुठंच दिसत नाहीत. आणि शार्कची भीती बाळगून मालवणला पोचलेले आपण खानावळीत मोरीचं मटण मागवतो. ती मोरी म्हणजे शार्कच.

पक्ष्यांचा तर मेसेजमध्ये उल्लेखही नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे होडी निघाली की सगळे तटाकडे बघतात. एकदा मान वर करा. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड पंख किंचित उंचावून घिरट्या घालत असतो. हिवाळ्यात कुरव आणि सुरय असतातच. या पाण्याचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि खाली प्रवाळ आहेत. स्नॉर्केलिंगला उतरलात तर त्यांच्यावर पाय टेकवू नका. तो दगड नाही, जिवंत आहे.

कासवांचा सल्ला मात्र चांगल्या मनाने दिलेला आहे, म्हणून तो नीट खोडायला हवा. कोकणात अंडी घालायला येते ती मुख्यतः ऑलिव्ह रिडले. हिवाळ्यात मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभरच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. दीडेक महिना ते दोन महिन्यांत पिल्लं बाहेर पडतात. पूर्वी ही अंडी सर्रास चोरीला जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये वेळासला गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली, आणि आज तिथं कासव महोत्सवाला आपल्याकडून गाड्या भरून लोक जातात.

तिथला नियमच असा की कार्यकर्त्यांनीसुद्धा पिल्लू वाळूवर ठेवायचं आणि मागं सरायचं. पाण्यापर्यंत त्याचं त्याने चालत जायचं. उजळ क्षितिजाच्या आणि लाटेच्या अंदाजाने ते दिशा धरतं, आणि त्या पहिल्या चालण्यात किनाऱ्याची खूणगाठ बसते असं अभ्यासक मानतात. आपण उचलून थेट पाण्यात टाकलं, किंवा फोटोसाठी मोबाईलचा उजेड पाडला, तर त्याच्या पहिल्याच कामात ढवळाढवळ झाली. शिवाय परवानगीशिवाय कासव हाताळणं हा गुन्हा आहे. ही जनावरं किती लांबचा हिशेब ठेवतात बघा: ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये खुणेचा बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. अख्ख्या दक्षिण भारताला वळसा! चार दिवसांच्या सुट्टीवर आलेल्या आपण तिच्या पिल्लाला रस्ता दाखवायची गरज नाही.

राहिली व्हेलची उलटी. हा मुद्दा सांगलीसाठी सगळ्यात जवळचा, कारण समुद्र इतका लांब असूनही हा ‘धंदा’ आपल्या भागात पोचलेला आहे. असा माल विकताना माणसं पकडल्याच्या बातम्या सांगली-कोल्हापूरच्या पेपरांत आपण वाचल्या आहेत. ही चीज येते स्पर्म व्हेलच्या आतड्यातून. तो हजार मीटरहून खोल बुड्या मारून माकुळ (स्क्विड) खातो. माकुळाच्या न पचणाऱ्या चोचींभोवती काही थोड्या व्हेलच्या आतड्यात हा गोळा तयार होतो. किनाऱ्यालगतची उथळ समुद्रबूड जमीन संपते, तिथून पुढचं पाणी हे त्याचं घर. तारकर्लीच्या पुळणीवर चालताना दिसणारा मेणचट गोळा बहुतेक वेळा पॅराफिन, जहाजाची तेलकट घाण, नाहीतर कुजलेली चरबी असते.

आणि खरा निघाला तर? स्पर्म व्हेल पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शरीरातून आलेली वस्तू बाळगणं, विकणं, विकत घेणं, सगळं गुन्हा. शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. म्हणजे माल खोटा असेल तर पैसे बुडाले, खरा असेल तर माणूस आत. ‘परदेशात कोटींचा भाव आहे, गुंतवणूक करा’ म्हणून कुणी पाव्हणा घरी आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा आणि पोलिसांना कळवा.

किनाऱ्यावर असा गोळा दिसला तर हात न लावता वनविभागाला सांगायचं. क्रमांक १९२६. डॉल्फिन, कासव किंवा व्हेल वाळूवर येऊन पडलेला दिसला तरी हाच क्रमांक. माणसं येईपर्यंत गर्दी मागं हटवा. ऊन असेल तर ओलं कापड अंगावर घाला, पण डॉल्फिनच्या डोक्यावरचं छिद्र उघडं राहू द्या आणि त्यात पाणी जाऊ देऊ नका, कारण तो तिथूनच श्वास घेतो. शेपटीला धरून ओढू नका, आपल्या मनाने पाण्यात ढकलू नका. जागेची नेमकी खूण, भरती आहे की ओहोटी, आणि प्राणी हलतोय की नाही, एवढं फोनवर नीट सांगा.